समाधानाची वाट : 'स्मृतिचित्रे'तील अस्वस्थता आणि ख्रिस्ती श्रद्धा

१. प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रवाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचे स्थान निर्विवाद आहे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची भाषा, त्यातील विनोद, निवेदनातील निरागसता आणि प्रसंग उभा करण्याची हातोटी यांविषयी मराठी समीक्षेने भरभरून लिहिले आहे. मात्र या ग्रंथाच्या मुळाशी असलेल्या धार्मिक अनुभवाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली आहे. जी झाली तिने दोन ठरावीक वळणे घेतलेली दिसतात. साहित्याचा अभ्यासक लक्ष्मीबाईंच्या प्रसन्नतेचे श्रेय त्यांच्या स्वभावाला देतो आणि श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवतो. भाविक ख्रिस्ती वाचक हीच प्रसन्नता बाप्तिस्म्याचे फळ मानतो आणि त्यापूर्वीच्या व त्यानंतरच्या ओढाताणीकडे फारसे लक्ष देत नाही. पहिल्या वाचनात समाधान हा स्वभावधर्म ठरतो, तर दुसऱ्या वाचनात तो एका दिवसात घडलेला चमत्कार ठरतो.

प्रस्तुत निबंधाची भूमिका या दोहोंपेक्षा वेगळी आहे. लक्ष्मीबाईंचे समाधान उपजत नव्हते आणि ते एखाद्या विधीने प्राप्त झालेले नव्हते. ते त्यांना अस्वस्थ काळातच, हळूहळू आणि घरगुती व्यवहाराच्या पातळीवर शिकावे लागले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. या प्रतिपादनासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची अस्वस्थता आणि पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा अनुभव यांचा तुलनेपुरता आधार घेतला आहे.

हा प्रश्न केवळ एका ग्रंथाच्या आकलनाचा नाही. संकटात सापडलेल्या माणसाला, आणि विशेषतः स्त्रीला, 'समाधानी राहा' असा उपदेश आपल्याकडील सर्वच धर्मपरंपरांनी केला आहे. हा उपदेश केव्हा आधार ठरतो आणि केव्हा तोंड बंद करण्याचे साधन ठरतो, याचा विवेक करण्यासाठी 'स्मृतिचित्रे'इतकी प्रामाणिक साक्ष मराठीत क्वचितच सापडेल.

२. 'समाधान' या संकल्पनेचे दोन अर्थ

मराठीत 'समाधान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. 'शंकासमाधान' या समासात त्याचा अर्थ प्रश्नाचे उत्तर मिळणे असा होतो, तर नित्याच्या बोलण्यात त्याचा अर्थ मनाची तृप्ती असा होतो. पहिला अर्थ बुद्धीशी निगडित आहे आणि दुसरा चित्ताशी. एकाच शब्दात हे दोन्ही अर्थ नांदत असल्यामुळे, प्रश्नांची उत्तरे मिळाली की मन आपोआप तृप्त होते, असे आपण नकळत गृहीत धरतो. प्रत्यक्षात उत्तरे मिळूनही मन अस्वस्थ राहू शकते आणि उत्तरे न मिळताही ते स्थिर होऊ शकते. टिळक पतिपत्नींच्या सहजीवनात या दोन्ही शक्यता शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

ख्रिस्ती परंपरेत या विषयाचा मूलाधार म्हणून संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाकडे बोट दाखवले जाते. हे पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे. विपुलता असो वा उणीव, कोणत्याही अवस्थेत तृप्त राहणे आपण शिकलो आहोत, असा त्या ठिकाणी पौलाचा आशय आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, पौल 'शिकलो' म्हणतो. म्हणजे ही तृप्ती त्याला सायासाने आणि काळाच्या ओघात साध्य झाली. दुसरी अशी की, मूळ ग्रीक भाषेत त्याने योजलेला 'ऑटार्केस' हा शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा होता. स्टोइकांच्या लेखी त्याचा अर्थ स्वयंपूर्ण, बाह्य जगावर अवलंबून नसलेला असा होता. पौलाने शब्द तोच ठेवला, परंतु तृप्तीचा आधार स्वतःच्या मनोबलातून काढून ख्रिस्तावर ठेवला. परिणामी स्वावलंबनाच्या शब्दाला परावलंबनाचा अर्थ प्राप्त झाला. त्याच अध्यायात पौल फिलिप्पैकरांनी पाठविलेल्या मदतीबद्दल कृतज्ञताही व्यक्त करतो. अर्थात, तृप्त माणसाला गरज नसते असे त्याचे म्हणणे नाही.

या आशयाला मराठी मनात समांतर असे काही आधीपासूनच होते. ईश्वराने ठेवलेल्या स्थितीत राहून चित्त शांत ठेवावे, हा तुकारामांचा उपदेश घरोघरी पोहोचलेला होता. टिळकांनी तुकारामांचे ऋण कधीच नाकारले नाही. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना प्रसिद्ध आहे. त्यामुळे ख्रिस्ती समाधानाची कल्पना टिळकांच्या घरात परकी म्हणून आली नाही. ती अभंगाच्या छंदात आणि कीर्तनाच्या रूपात आली.

३. धुतलेले मीठ : अस्वस्थतेचा उगम

'स्मृतिचित्रे'चा प्रारंभ माहेरच्या हकिकतीने होतो. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावाच्या संदर्भात फाशी झाली. त्या धक्क्याचा परिणाम लक्ष्मीबाईंच्या वडिलांवर असा झाला की, सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेने त्यांना झपाटून टाकले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाऊ लागली. धान्यच काय, मिठासारखा जिन्नसही धुण्यातून सुटत नसे. घरातील बायकामुलांचा दिवस या शुद्धीच्या धाकात जाई.

हा भाग वाचकाला हसवतो आणि तो तसा हसवावा अशीच निवेदिकेची योजना आहे. परंतु समीक्षकाने येथे क्षणभर थांबावयास हवे. पाण्यात मीठ धुतले तर मीठच नाहीसे होते. शुद्धीचा अतिरेक ज्या वस्तूला शुद्ध करावयाचे तिलाच संपवतो, हे लक्ष्मीबाईंनी कोणतेही भाष्य न करता दाखविले आहे. या घरात धर्म आहे, आचार आहे, कष्टही आहेत. मात्र विसावा नाही. कितीही धुतले तरी विटाळ उरतोच, कारण विटाळ वस्तूत नसून भयात आहे. ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंनी अस्वस्थतेचे हे धार्मिक स्वरूप नोंदविले आहे, आणि पुढील साऱ्या कथनाला त्याची पार्श्वभूमी आहे.

संत ऑगस्टीन याने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या 'कबुलीजबाबा'त मानवी अंतःकरण ईश्वरात विसावेपर्यंत अशांतच असते, असा विचार मांडला आहे. ख्रिस्ती आत्मचरित्रांच्या परंपरेचा हा पायाच होय. लक्ष्मीबाईंनी ऑगस्टीन वाचला होता असे म्हणण्यास आधार नाही आणि तशी गरजही नाही. फरक असा की, ऑगस्टीनची अशांती वासनेची, महत्त्वाकांक्षेची आणि तात्त्विक शोधाची आहे, तर लक्ष्मीबाईंना ती प्रथम भेटते ती ओल्या लुगड्यात, पाण्याच्या घागरीत आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर.

४. टिळकांची अस्वस्थता

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास लक्ष्मीबाईंचा विवाह टिळकांशी झाला. सासरच्या अस्वस्थतेचे रूप वेगळे होते. टिळक कवी होते, वक्ते होते, विलक्षण उदार होते आणि एका जागी टिकणारे मुळीच नव्हते. एक नोकरी सोडून दुसरी धरणे, एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलविणे आणि मध्येच कोणालाही न सांगता घरातून निघून जाणे, हा त्यांच्या संसाराचा क्रमच होता. काही अपत्ये बालपणीच गेली. १८९१ मध्ये जन्मलेला देवदत्त हा मुलगा तेवढा वाचला.

टिळकांची ही भ्रमंती निव्वळ लहर नव्हती. त्यांना राष्ट्राच्या उत्थानाला उपयोगी पडेल अशा धर्माचा शोध होता. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. दीर्घ वाचन आणि विचारविनिमय यांनंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या शंकांचे समाधान झाले. मात्र त्यांची अस्वस्थता संपली काय? तसे मुळीच दिसत नाही. बाप्तिस्म्यानंतरही टिळक पूर्वीइतकेच अशांत राहिले. अशांतीचे कारण तेवढे बदलले. मराठी मंडळीची उपासना परकीय वळणाची का असावी, तिचे संगीत, तिची भाषा, तिचे नेतृत्व येथील का नसावे, हे प्रश्न त्यांना छळू लागले. भजने आणि अभंग रचून, कीर्तने करून आणि १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन करून त्यांनी या प्रश्नांना उत्तर देण्याचा यत्न केला. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी तीत एकत्र यावेत, असा त्यांचा मानस होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ख्रिस्ती श्रद्धा अस्वस्थता नाहीशी करतेच असे नाही. काही व्यक्तींच्या बाबतीत ती अस्वस्थतेला दिशा देते आणि प्रसंगी तिची धार वाढवते. टिळकांना शंकासमाधान लाभले, पण चित्ताचे स्वास्थ्य त्यांना अखेरपर्यंत अधूनमधूनच भेटत राहिले. त्यांच्या भक्तिकवितेतील ख्रिस्तमाउलीची आर्त हाक हा या अपुरेपणाचाच उद्गार होय. ही उणीव नव्हे. समाधान आणि श्रद्धा यांचे समीकरण मांडणाऱ्यांनी मात्र तिची दखल घेतली पाहिजे.

५. पाच वर्षांचे अंतर

टिळकांच्या धर्मांतराच्या वार्तेने लक्ष्मीबाईंचे आयुष्य उन्मळून पडले. पदरी लहान मूल, पती जिवंत असूनही नसल्यासारखा, नातेवाईकांची सहानुभूती आणि तिच्यात मिसळलेला धाक, अशा अवस्थेत त्यांनी काही काळ पंढरपुरी आप्तांकडे काढला. १८९५ पासून १९०० मधील स्वतःच्या बाप्तिस्म्यापर्यंतची ही पाच वर्षे 'स्मृतिचित्रे'चा गाभा आहेत.

समाधानाच्या दृष्टीने या कालखंडात तीन गोष्टी घडतात. पहिली अशी की, लक्ष्मीबाई आपला संताप दडवीत नाहीत. पतीवरील राग, लोकलज्जा, शरीरावर आणि मनावर झालेला आघात या सर्वांना त्यांच्या निवेदनात जागा आहे. दुसरी अशी की, याच विरहकाळात त्यांनी कविता रचावयास आरंभ केला. शालेय शिक्षण नसलेल्या आणि पतीकडून अक्षरओळख झालेल्या या स्त्रीने आपल्या दुःखासाठी शब्द शोधले. पवित्र शास्त्रातील स्तोत्रकर्तेही तक्रार थेट देवाच्या दारात नेतात. तक्रार हे अश्रद्धेचे नव्हे, तर नाते शाबूत असल्याचे लक्षण असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जातिभेदाच्या कल्पनेचा त्यांच्या मनातील शेवट.

पुढे त्या पतीजवळ राहावयास गेल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता. पतीने धर्म बदलला म्हणून आपण बदलावा, हे त्यांना मान्य नव्हते. टिळकांनीही सक्ती केली नाही. या दोघांचे हे मौन-करारासारखे सहजीवन मराठी वाङ्मयात एकमेव म्हणावे लागेल. अखेरीस जो बदल झाला तो वादविवादाने झाला नाही. माणसे देवाने घडविली आणि जाती माणसांनी, हा साधा विचार त्यांच्या मनात उजाडला आणि विटाळाचे भय गळून पडले. पुढचा बाप्तिस्मा ही या आतल्या घटनेची केवळ जाहीर नोंद होती.

येथे ग्रंथाच्या आरंभीचे धुतलेले मीठ आठवल्यावाचून राहत नाही. वडिलांच्या घरातील जी अशांती लहानपणी त्यांच्या अंगवळणी पडली होती, तिचे मूळच या क्षणी उखडले गेले. लक्ष्मीबाईंचे ख्रिस्ती समाधान म्हणजे सर्वप्रथम भयापासून झालेली सुटका होय. त्यांना काही मिळाले त्यापूर्वी त्यांचे काहीतरी सुटले. जे सुटले ते जन्माने लाभलेले श्रेष्ठत्वही होते, हे लक्षात घेतल्यास या समाधानाला 'आहे ते मुकाट्याने स्वीकारणे' असे म्हणता येणार नाही.

पंडिता रमाबाईंचा अनुभव या निष्कर्षाला वेगळ्या बाजूने पुष्टी देतो. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीही गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मात्र १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म लाभला होता, स्वतः ख्रिस्त लाभला नव्हता. तो अनुभव येण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. दरम्यान १८८९ मध्ये शारदा सदन स्थापन झाले होते, त्यावरून गदारोळही माजला होता. रमाबाईंची ही साक्ष तर्कशुद्ध आणि संयत आहे, तर लक्ष्मीबाईंची घरगुती आणि विनोदी. दोघींच्या कथनात विधी आणि समाधान यांच्या दरम्यान एक अंतर आहे. रमाबाईंच्या बाबतीत विधी आधी झाला आणि समाधान मागाहून आले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत समाधानाचा आरंभ विधीपूर्वीच झाला. शिवाय रमाबाईंना लाभलेल्या शांतीने त्यांना निष्क्रिय केले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ व निराधार मुलींना केडगावास आणण्याचे त्यांचे कार्य त्यानंतरचे आहे.

६. उद्याची चिंता आणि आजचा शिधा

डोंगरावरील प्रवचनातील पाखरांचा आणि रानफुलांचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. उद्याच्या अन्नवस्त्राची काळजी वाहू नये, असा त्याचा आशय. टिळकांनी हा उपदेश शब्दशः मनावर घेतला. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकणे, बाजारासाठी नेलेल्या रकमेतून भलतेच काही घेऊन येणे, निराधार मुलांना घरी आणणे, हे त्यांच्या लेखी सहज होते. बालकवींसारखा अस्वस्थ प्रतिभेचा तरुण कवी तत्कालीन अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांच्या घरी राहिला तोही या मोकळ्या दारातूनच. परंतु पाखरांच्या निश्चिंतीवर कविता लिहिणे आणि सायंकाळी चूल पेटविणे ही दोन भिन्न कामे आहेत. दुसरे काम लक्ष्मीबाईंकडे होते.

ख्रिस्ती समाधानाची खरी कसोटी या ठिकाणी लागते. लक्ष्मीबाई पतीच्या औदार्याची थट्टा करतात, त्याच्याशी भांडतात, त्याला हिशेब विचारतात. मात्र आलेल्या मुलाला दारातून परत पाठवीत नाहीत. त्यांच्या चिंतामुक्तीत हिशेबाला जागा आहे. बायबलमधील मान्न्याची कथा येथे उपयोगी पडते. अरण्यातील इस्राएल लोकांना रोजचे अन्न रोजच गोळा करावे लागे. साठवलेले नासत असे. कृपा वरून येत असली तरी वेचण्याचे काम माणसालाच होते. प्रभूच्या प्रार्थनेतही मागणे आहे ते रोजच्या भाकरीचेच. लक्ष्मीबाईंचे समाधान या रोजच्या मोजमापाचे आहे. आजचा दिवस पार पडला याची कृतज्ञता त्यात आहे, उद्याच्या अडचणीची जाणीवही आहे. मात्र त्या अडचणीला आज घरात शिरू द्यावयाचे नाही, असा एक निर्धारही आहे.

त्यांच्या विनोदाकडे या दृष्टीने पाहिल्यास तो निव्वळ शैलीचा अलंकार राहत नाही. स्वतःच्या फजितीवर हसू शकणारी व्यक्ती स्वतःला विश्वाचे केंद्र मानीत नसते. आपला सांभाळ दुसऱ्या कोणाच्या तरी हाती आहे, या खात्रीतून येणारा हलकेपणा त्या विनोदात आहे. येथे स्वभाव आणि श्रद्धा यांची सीमारेषा आखणे कठीण आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु स्वभाव उपजत असता तर पंढरपूरच्या दिवसांत तो त्यांच्या मदतीला धावून आला असता. त्या दिवसांचे वर्णन मात्र अंधारलेले आहे.

७. दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप कथनशास्त्रीय आहे. 'स्मृतिचित्रे' हे घटना घडून गेल्यावर जवळजवळ चार दशकांनी लिहिले गेले. तेव्हा त्यातील समाधान हे भोगणाऱ्या तरुण लक्ष्मीचे नसून सांगणाऱ्या वृद्ध लक्ष्मीबाईंचे आहे, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे. भोगणारी आणि सांगणारी यांच्यातील हे अंतर प्रत्येक आत्मचरित्रात असते. परंतु धार्मिक आत्मचरित्रांत पुष्कळदा असे घडते की, सांगणारा आपल्या भूतकाळाला आजच्या श्रद्धेचा रंग देतो आणि जुनी अस्वस्थता केवळ अज्ञान म्हणून निकालात काढतो. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. हिंदू आप्तांचे प्रेम, त्यांच्या चालीरीती, व्रतवैकल्ये यांविषयी त्यांच्या लेखणीत तुच्छता नाही. आपल्या जुन्या रागालाही त्या खोटे ठरवीत नाहीत. भूतकाळाला न दुखावता त्याच्याकडे पाहता येणे हे सांगणाऱ्याच्या समाधानाचेच गमक आहे आणि या ग्रंथाच्या वाङ्मयीन गुणवत्तेचेही ते कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समाधानाचा हा गौरव अखेर स्त्रीच्या सोशिकतेचाच गौरव ठरत नाही काय? ख्रिस्ती पत्नीचे समाधान आणि पतिव्रतेची सहनशीलता यांत फरक तो कोणता? सहनशीलतेत स्त्रीचा निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे पतीच्या धर्माला नकार दिला आणि तो स्वीकारला तेव्हा स्वतःच्या कारणासाठी स्वीकारला. नकाराचा अधिकार बजावल्यानंतरच्या स्वीकाराला सोशिकता म्हणता येत नाही. तरीही एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या नगर परिसरातील मंडळींत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. ज्यांच्याकडे सोडून देण्याजोगे श्रेष्ठत्व नव्हतेच, त्यांच्या समाधानाची वाट लक्ष्मीबाईंच्या वाटेसारखी असणे शक्य नाही. त्यांच्यासाठी श्रद्धेचा पहिला लाभ त्यागाचा नसून सन्मानाचा होता. 'स्मृतिचित्रे' हा त्या अनुभवाचा प्रातिनिधिक ग्रंथ नव्हे. उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या आत्मकथनांवरून साऱ्या मराठी ख्रिस्ती अनुभवाविषयी विधाने करण्याची सवय अभ्यासकांनी सोडावयास हवी.

८. १९१९ नंतर

वरील चर्चेचा खरा निकाल टिळकांच्या मृत्यूनंतरच्या काळात लागतो. लक्ष्मीबाईंचे समाधान पतीच्या सहवासावर आधारलेले असते तर ते १९१९ मध्ये संपावयास हवे होते. १९१८ मध्ये बालकवींचा अपघाती मृत्यू आणि पाठोपाठ टिळकांचे निधन, असे आघात एका वर्षाच्या अंतराने झाले. त्यानंतरची सुमारे सतरा वर्षे त्यांनी वैधव्यात काढली. उपजीविकेसाठी काम केले, मुलाच्या संसाराबरोबर कराचीपर्यंत स्थलांतर केले आणि अखेरीस त्या नाशिकला स्थिरावल्या. बिऱ्हाड हलविण्याचा क्रम सुटला नव्हता. हलविणारा मात्र आता नव्हता.

याच काळात त्यांनी दोन मोठी कामे केली. एक 'स्मृतिचित्रे' आणि दुसरे 'ख्रिस्तायन'. ख्रिस्तचरित्रावरील हे महाकाव्य टिळकांनी हाती घेतले होते, परंतु त्यांच्या हयातीत त्याचे सुमारे दहा अध्यायच झाले. उर्वरित साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३८ मध्ये, दोघांच्याही पश्चात, ते प्रसिद्ध झाले. काव्यगुणांच्या तराजूत 'ख्रिस्तायन' आणि 'स्मृतिचित्रे' यांचे वजन सारखे भरणार नाही, हे खरे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कामाला निराळे मोल आहे. अस्वस्थ माणसाने अर्धवट टाकलेले काम समाधानी माणसाने घाई न करता पूर्ण केले. टिळकांकडे आरंभ करण्याची प्रतिभा होती, लक्ष्मीबाईंकडे शेवटास नेण्याचा धीर होता. एकाच श्रद्धेने एकाला चालते ठेवले आणि दुसरीला स्थिर केले, आणि या दोहोंची एकमेकांना गरज होती.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) 'समाधान' या शब्दाचे शंकानिरसन आणि चित्ताची तृप्ती हे दोन अर्थ वेगळे ठेवल्यास टिळक पतिपत्नींच्या धार्मिक अनुभवांतील भेद स्पष्ट होतो. टिळकांना प्रामुख्याने पहिले लाभले, लक्ष्मीबाईंना दुसरे.

(२) लक्ष्मीबाईंचे समाधान स्वभावजन्य किंवा विधिजन्य नाही. विटाळाच्या भयातून झालेली मुक्तता हा त्याचा आरंभ आणि रोजच्या संसारातील शिस्त हा त्याचा विस्तार होय.

(३) तक्रार, थट्टा आणि नकार यांना या समाधानात स्थान आहे. त्यामुळे सोशिकतेशी त्याची गल्लत करणे योग्य नाही. ज्या उपदेशात नकाराला जागा नाही तो समाधानाचा उपदेश नव्हे.

(४) या अनुभवाला वर्णाची आणि परिस्थितीची मर्यादा आहे. मराठी ख्रिस्ती समाजातील अन्य स्तरांच्या मौखिक आणि लिखित साक्षींचा स्वतंत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे.

स्तोत्रसंहितेतील एकशे एकतिसाव्या लहानशा स्तोत्रात शांत झालेल्या जिवाला दूध तोडलेल्या बाळाची उपमा दिली आहे. असे बाळ आईजवळ जाते ते दुधासाठी नव्हे, तर केवळ जवळ असण्यासाठी. दूध तुटण्याच्या दिवसांत त्याने केलेला आकांत मात्र त्या शांतीच्या मागे असतोच. 'स्मृतिचित्रे'तील समाधान या जातीचे आहे. आकांत वगळून केवळ शांतीची प्रशंसा केली तर ग्रंथही हातचा जातो आणि त्याने दाखविलेली वाटही. अध्यापकांनी वर्गात हा ग्रंथ शिकविताना त्यातील विनोदाबरोबर पंढरपूरचे ते अंधारलेले दिवसही विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत, एवढीच या निबंधाची अपेक्षा आहे.